घरे किती, चुली किती?



अक्कलकोट तालुक्यात मैंदर्गी आणि दुधनी ही नगरपरिषद असलेली दोन लहान गावे आहेत. अशा गावात घरे किती, असे विचारले तर उत्तर सोपे वाटते. पण शिरगणतीच्या हिशेबी घर निराळे आणि कुटुंब निराळे. स्वतंत्र मुख्य दार असले की ते एक घर. एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. धाब्याच्या एकाच घरात तीन भावांच्या तीन चुली असतील, तर घर एक, पण कुटुंबे तीन!

आता तुम्ही म्हणाल, यात आपले काय अडले? तर पाहा. २०११ साली सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ भरली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती लोकांना सवलतीचे धान्य द्यायचे, हे त्याच गणतीवरून ठरले. पुढची, २०२१ ची गणती कोरोनामुळे लांबली. म्हणजे मधल्या काळात जन्मलेली लेकरे त्या आकड्यात नाहीतच. नव्या गणतीसाठी १ मार्च २०२७ हा दिवस जाहीर झाला.

प्रगणक दारी आला की तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेली आजी, कोणालाही वगळू नका. भिऊ नका, सांगितलेली माहिती १९४८ च्या कायद्याने गुप्त राहते. आणि गुरुजी, प्रगणक पुष्कळदा तुम्हीच असता. दाराला कुलूप दिसले तर शेजारी चौकशी करा, पुन्हा एक खेप घाला. जे माणूस लिहायचे राहिले, ते सरकारच्या हिशेबी गावात नाहीच.