रीत कुठे आहे?



गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी बाई वहीत लाल शाईनं लिहायच्या, 'रीत कुठे आहे?' आणि गुण कापायच्या. तोच प्रश्न आज यंत्राला विचारायची वेळ आली आहे.

टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो, हे स्वयंचलन. तिथे नियम माणसानं घातलेला असतो. चुकला तर बोट ठेवता येतं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला बहुधा नियम नव्हे, उदाहरणं देतात. त्यांतून ती स्वतःच ठोकताळे बांधते. उदाहरणं एकांगी असली, तर ठोकताळेही एकांगी. अ‍ॅमेझॉननं नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी अशी प्रणाली करून पाहिली. शिकायला दिलेले जुने अर्ज बहुतांश पुरुषांचे होते, म्हणून ती बायकांच्या अर्जांना कमी लेखू लागली. कंपनीनं ती मोडीत काढली. २०१८ मध्ये ही गोष्ट बाहेर आली.

आपल्यापैकी कुणी माणसं नेमतं, कुणी कर्ज मंजूर करतं. संगणक 'नाही' म्हणाला, एवढ्यावर नकाराची सही करू नका. समोरच्याला कारण सांगता येत नसेल, तर फाईल पुन्हा उघडा. बाईंनी आपल्याला तेच शिकवलं.