गिरगावची गेलेली उपाहारगृहे

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्यासारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास आपणांसमोर चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाची पदविका एवढीच आमची पुंजी. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. ‘भोजनास अजून अवकाश आहे, तोवर काही हलकेफुलके बोला,’ असे कार्यवाहांनी सुचविले, आणि नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास आला. त्यामुळे हॉटेलांखेरीज दुसरा विषय आम्हांस सुचला नाही, हा दोष सर्वस्वी आचाऱ्यांचा होय.

आमचा जन्म १९५९ सालचा, गिरगावातील एका चाळीतला. ‘हॉटेलात जातो’ हे वाक्य त्या चाळीत मुलाची तक्रार सांगण्यासाठी वापरले जाई. पत्ते खेळतो, सिनेमा पाहतो आणि हॉटेलात जातो, अशी दुर्गुणांची चढती भाजणी असे. आजच्या तरुण मंडळींस याचे हसू येईल; परंतु त्यामागे मोठा इतिहास आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. त्यांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुढे कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्याचे एवढे ओझे! आमच्या आजोबांच्या पिढीने ते ओझे डोक्यावर वाहिले, वडिलांच्या पिढीने काखेत धरले, आणि आमच्या पिढीने ते इराण्याच्या टेबलावर ठेवून वर चहा मागविला.

परंतु इराण्याकडे वळण्यापूर्वी खानावळीचे ऋण मान्य केले पाहिजे. आमचे वडील कोकणातून मुंबईस आले तेव्हा बिऱ्हाड करण्याची ऐपत नव्हती. खोलीत आठ-दहा जणांनी पथाऱ्या टाकावयाच्या आणि जेवणासाठी महिन्याच्या बोलीने खानावळ लावावयाची, हा तेव्हाचा क्रम. पाटावर बसावे, पुढ्यात ताट यावे, आमटी दुसऱ्यांदा मागितली तर वाढपी एकदा तोंडाकडे पाही आणि मग वाढी. गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम होते. तेथील गोमंतकी पद्धतीच्या माशाच्या जेवणासाठी लोक लांबून येत. जेवावे, हात धुवावे आणि दुसऱ्यास जागा करून द्यावी, अशी तेथील शिस्त. आता ते बंद झाले आहे. त्या वाडीतून जाताना आमची पावले मात्र अजून तेथे मंदावतात.

गिरणगावातील खानावळी बहुधा बायकाच चालवीत. एकेका बाईच्या चुलीवर गिरणीतील कितीतरी माणसांचे पोट अवलंबून असे, आणि त्या माणसांच्या पगारावर तिचे. या बायकांच्या संघटनेसाठी श्रीमती प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, कामगार गावी परतले, आणि कित्येक चुली विझल्या. गिरणीच्या भोंग्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या भोंग्यावर भाताचे आधण ठेवणाऱ्या बाईविषयी त्या मानाने थोडेच.

खानावळीचा एक विशेष मात्र आपण ध्यानी घ्यावा. खानावळ बहुधा गावाची किंवा ज्ञातीची असे. आपल्या संस्थेची पहिली बैठकही अशाच एका खानावळीत, जेवणे आटोपल्यावर झाली, असे वडील सांगत. परक्या शहरात खानावळीने आपणांस आपली माणसे दिली. हा तिचा मोठेपणा, आणि हीच तिची मर्यादा. तेथे शेजारच्या पाटावर कोण बसणार, हे आधीच ठरलेले असे.

इराण्याकडे ते ठरलेले नसे. यझ्द आणि केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी अनेक झरथुष्ट्री कुटुंबे मुंबईस आली. नाक्यावरची जागा आपले व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांस मिळाली, असे सांगतात. खरे असो वा नसो, नाका म्हटला की इराणी, हे समीकरण आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीभर आरसे, बरण्यांतून बिस्किटे आणि गल्ल्यावर चष्मा कपाळी चढवून बसलेला शेठ. ब्रून पाव कडकडीत, त्यावर मस्का सढळ. सकाळी मावा केक, दुपारी खारी, आणि ‘पानी कम’ म्हटले की दाट चहा. भिंतीवर सूचनांच्या पाट्या. उधारी मागू नये, आरशात पाहून केस विंचरू नयेत, एक ना दोन. धोबीतलावच्या बस्तानीतील अशा सूचनांवरून कवी निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताही रचली. मनाया पुष्कळ होत्या; पण ‘अमक्या जातीच्या माणसाने आत येऊ नये’ ही पाटी इराण्याच्या भिंतीवर आम्ही कधी पाहिली नाही.

येथे आम्हांस आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली.

शाळेत आमचा एक जिवलग मित्र होता. त्याचे वडील महापालिकेच्या सफाई खात्यात होते. गणितात तो आमच्या कितीतरी पुढे. एकदा परीक्षेच्या दिवसांत तो अभ्यासास आमच्या घरी आला. आईने चहा केला. आमचा चहा नेहमीच्या कपात आला, त्याचा एका कान तुटलेल्या कपात. चहा झाल्यावर तो कप मोरीत न जाता खिडकीच्या कठड्यावर गेला. आमची आई दुष्ट नव्हती. त्याच मित्राचे गुण ऐकून तिने त्याच्या हातावर साखर ठेवली होती. परंतु कप मात्र कठड्यावरच ठेवला. आम्ही ते पाहिले, आणि काही बोललो नाही.

त्यानंतर तो आमच्या घरी चहास थांबला नाही. ‘चल, इराण्याकडे बसू,’ असे म्हणे. दोघांच्या खिशांतील नाणी एकत्र करून एक चहा आणि एक ब्रून मस्का घ्यावयाचा. चहा अर्धा कपात, अर्धा बशीत. एकाने कप घ्यावा, दुसऱ्याने बशी. त्याला इराण्याच्या चहाची चटक लागली आहे, अशी आमची समजूत!

बस्तानी २००४ साली बंद झाली. त्या वर्षी आम्ही दोघे ठरवून धोबीतलावास गेलो. दार लागलेले होते. मग समोरच १९०४ सालापासूनच्या कयानीत जाऊन बसलो. चहा आला, सवयीने अर्धा बशीत ओतला गेला, आणि तो सहज म्हणाला, ‘तुला मी इराण्याकडे का न्यायचो, कळलं का रे कधी? इथले सगळे कप सारखे असतात.’ कित्येक वर्षे वर्गात मुलांस प्रश्न विचारण्यात घालविलेल्या आम्हांस त्या एका प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्यास घरी बोलाविले. आमच्या कुटुंबाने लग्नातील चांगले कप काढले. त्याने कप उचलला, फिरवून पाहिला आणि हसून म्हणाला, ‘वा, याला कान आहे की!’ तो हसला म्हणून आम्हीही हसलो.

सभ्य स्त्रीपुरुषहो, चहाच्या पेल्यात केवढी शक्ती आहे, हे थोरांनी फार पूर्वी ओळखले होते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले. तेव्हा अस्पृश्य म्हणविल्या जाणाऱ्या माणसाच्या हातचा चहा घेणार कोण? छत्रपती शाहू महाराज त्या दुकानापुढे आपली गाडी थांबवीत, भर रस्त्यात चहा मागवून घेत, आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावीत. उलट, बडोद्यास १९१७ साली डॉ. आंबेडकरांसारख्या विद्वानास पारशी वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले, हेही विसरता येत नाही. म्हणजे सद्गुण एखाद्या समाजाच्या रक्तात नसतो. दार उघडे ठेवावयाचे की नाही, हे प्रत्येक घरास नव्याने ठरवावे लागते. पुढे हेच डॉ. आंबेडकर काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये बसत असत, असे सांगतात. कवी अरुण कोलटकरही वर्षानुवर्षे तेथे बसत. तेही गेले. जहांगीर कलादालनातील समोवर १९६४ साली सुरू झाले आणि २०१५ साली मिटले.

ही ठिकाणे का गेली? इराण्यांची मुले शिकून दुसऱ्या व्यवसायांत शिरली. एका दुकानाचे अनेक भागीदार झाले. उडुपी उपाहारगृहे आली. आणि जागेला असा भाव आला की तेथे चहा विकण्यापेक्षा ती जागाच विकणे परवडे. भुयारी मेट्रोसाठी गिरगावातील काही जुन्या इमारती पडल्या. पण खरे कारण आम्ही आपणच आहोत. चाळीतील खोल्या देऊन आपण डोंबिवली-बोरिवलीस गेलो. गिऱ्हाईकच उठून गेल्यावर दुकानाने कोणाची वाट पाहावी?

गेले ते सारेच सोन्याचे होते, असेही नव्हे. त्या टेबलांवर फडके मारणारा पोरगा पुष्कळदा आमच्या वर्गातील मुलांच्या वयाचा असे. तो शाळेत का नाही, हे आम्ही शिक्षक असूनही विचारीत नसू. हॉटेलांत मुलांस कामास ठेवण्यावर बंदी यावयास २००६ साल उजाडावे लागले. तो काळ परत यावा, असे आम्ही म्हणणार नाही. ती टेबले मात्र हवी होती. कोणीही यावे, समोरच्यास नाव-गाव न विचारता बसावे, अशी थोड्या पैशांतली जागा शहरात आता फार थोडी उरली आहे.

म्हणून शेवटी एक विनंती. आपल्या स्नेहभोजनाच्या पत्रिकेवर ‘फक्त ज्ञातिबांधवांसाठी’ असे शब्द परंपरेने छापले जातात. ते कोणी दुष्टपणाने घातलेले नाहीत, हे आम्ही जाणतो. आमच्या आईनेही तो कप दुष्टपणाने ठेवला नव्हता. पुढील वर्षी ते शब्द गाळावेत, आणि प्रत्येक कुटुंबाने ज्ञातीबाहेरचा एक स्नेही पंक्तीस आणावा. खर्चाची काळजी कार्यवाहांना वाटत असेल, तर आमच्या पाहुण्याच्या पानाची वर्गणी आम्ही आजच भरतो. पाहुणा कोण, ते आपणांस सांगावयास नकोच.

मसालेभात निवत आहे.