भवानीचे गिऱ्हाईक, तक्रारीचे गिऱ्हाईक

(किरकोळ व्यापारी व नवउद्योजक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सकाळी दुकान उघडते. तसबिरीला उदबत्ती ओवाळली जाते आणि पहिले गिऱ्हाईक पायरी चढते. त्याने दिलेली नोट दुकानदार कपाळाला लावतो, 'भवानी झाली' म्हणतो आणि मग ती गल्ल्यात टाकतो. त्या क्षणी समोरचा मनुष्य केवळ खरेदीदार नसतो. दिवसाच्या शुभारंभाचा तो मानकरी असतो. दोन दिवसांनी तोच मनुष्य बिघडलेली वस्तू पिशवीत घालून परत येतो. आता दुकानदाराचा चेहरा पाहावा. त्याचे बोट भिंतीवरच्या फलकाकडे जाते : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मनुष्य तोच, दुकान तेच. बदलली ती फक्त पैशाची दिशा.

ग्राहकसेवेचा विचार या दुसऱ्या भेटीपासून सुरू झाला पाहिजे. पहिल्या भेटीत गोड बोलायला स्वार्थच शिकवतो. दुसऱ्या भेटीत मात्र व्यापाऱ्याची नियत उघडी पडते. आपल्या भाषेत 'गिऱ्हाईक' या शब्दाला एक दुसरा अर्थही चिकटला आहे. एखाद्याची यथेच्छ टिंगल केली, की 'त्याचे गिऱ्हाईक केले' असे आपण म्हणतो. ज्याच्या जिवावर पेढी चालते, त्याचेच नाव हास्यास्पद मनुष्याला द्यावे, यावर व्यापाऱ्याने क्षणभर थांबून विचार करायला हवा.

ही जाण बाहेरून आयात करावी लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान सुरू केले. स्वतः मुंबईत नोकरीला असल्याने ते तेथून सायकली पाठवीत आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकत. परंतु सायकल हे वाहनच तेव्हा नवीन. विकत घेणाऱ्याला ती चालवता आली नाही, तर ती अडगळीत पडणार. म्हणून रामूअण्णा सायकल विकत आणि ती चालवायलाही शिकवीत. शिकवण्याचे शुल्क घेत असत, हेही सांगितले पाहिजे. सेवा म्हणजे दानधर्म नव्हे. विकलेली वस्तू घेणाऱ्याच्या उपयोगी पडेपर्यंत त्याच्यासोबत चालणे, म्हणजे सेवा.

पुढची परीक्षा अधिक कठीण होती. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षे लागली! शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर अवलंबून असते, त्याची भीती हा अडाणीपणा नसतो. ती त्याच्या संसाराची काळजी असते. ती काळजी ओलांडून जो नांगर शेतात उतरला, त्याच्याच बळावर १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक तेथून निघाले. कारखान्याची वार्ता देणारे ते पत्रक मराठी घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले. माल विकून झाल्यावरही ग्राहकाशी संवाद चालू ठेवणारा उद्योग काय घडवू शकतो, याचा याहून बोलका दाखला कोणता?

ग्राहकाच्या बाजूनेही महाराष्ट्रात विचार झाला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामातला हा सैनिक स्वतंत्र देशात ग्राहकासाठी उभा राहिला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत गृहिणींनी समर्थपणे चालवली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो.

त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. त्यातील एक तरतूद प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवावी. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील तशीच प्रथा. म्हणजे भिंतीवरचा तो फलक सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराचे संरक्षण करीत नाही. उलट त्याच्याविरुद्ध साक्ष देतो.

यावर एक शंका हमखास येते : 'लोक वापरून वस्तू परत आणतील, त्याचे काय?' असे लोक असतात, हे खरे. परंतु कायदा सदोष वस्तूविषयी बोलतो, लहरीविषयी नाही. रंग आवडला नाही, मन बदलले, अशा कारणांसाठी आपले नियम बिलावर स्पष्ट छापावेत आणि विकतानाच सांगावेत. चार लबाडांच्या भयाने शंभर प्रामाणिक माणसांना संशयाने वागवणे हा व्यवहारही नव्हे आणि नीतीही नव्हे.

मग प्रत्यक्षात काय करावे? तक्रार घेऊन आलेल्याला प्रथम पूर्ण बोलू द्यावे. निम्मा राग तेथेच ओसरतो. तक्रार वहीत लिहावी आणि निवारणाची तारीख द्यावी. ती पाळता येणार नसेल, तर ग्राहकाचा फोन येण्याआधी आपण करावा. गल्ल्यावरच्या नोकराला ठरावीक रकमेपर्यंत वस्तू बदलून देण्याचा अधिकार असावा. 'मालक आल्यावर या' या वाक्याने माणसे जेवढी तुटतात, तेवढी भावातल्या फरकाने तुटत नाहीत. आणि महिन्यातून एकदा ती वही उघडून बसावे. एकाच वस्तूची तक्रार तीनदा आली असेल, तर दोष ग्राहकात नाही. तो त्या वस्तूत किंवा आपल्या विक्रीत आहे.

आज हा प्रश्न पोटाचा आहे. मोबाईलवर बोट ठेवले की माल दारात येतो. भावाच्या स्पर्धेत पेठेतला दुकानदार त्या प्रचंड कंपन्यांना पुरा पडणे कठीण. पण अनेक कुटुंबे तिकडे वळली, ती केवळ स्वस्ताईसाठी नव्हे. वस्तू पसंत नसली तर वाद न घालता परत घेतली जाते, हा अनुभवही त्यांना तिकडे घेऊन गेला. पिढ्यान् पिढ्यांची ओळख आपल्याजवळ होती. विश्वास मात्र अनोळखी माणसाने दिला, ही गोष्ट मनाला लागली पाहिजे. दुसरीकडे, त्याच कंपन्यांकडे अवघड तक्रार नेली, की यंत्राचा आवाज ऐकत बसावे लागते. तेथे माणूस लागतो, आणि तो माणूस आपल्या दुकानात उभा आहे.

म्हणून एक छोटे काम उद्याच करावे. भिंतीवरचा जुना फलक उतरवावा. त्या जागी लिहावे : 'वस्तू सदोष निघाल्यास अवश्य परत आणावी.' आणि ती घेऊन कोणी आलाच, तर त्याच्याकडे भवानीच्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसेच पाहावे. दुसऱ्यांदा पायरी चढून तो आपल्याला आणखी एक संधी द्यायला आलेला असतो.