लाल होईपर्यंत तार

आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना इकडच्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, ही तार तांब्याची का नाही?"

ही तार म्हणजे प्रयोगशाळेतलं सर्वांत साधं हत्यार. एका दांड्याला बसवलेली बारीक तार, तिच्या टोकाला दोन-चार मिलिमीटरचं कडं. त्याला 'लूप' म्हणतात. एका बशीतले जंतू उचलून दुसरीत पेरायचे, एवढंच त्याचं काम. पण जंतू जिवंत न्यायचे असतात, आणि तांबं तर त्यांना मारतं. तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातले हगवणीचे जंतू नाहीसे झाल्याचं 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात आढळलं. शिवाय ज्योतीत तांबं काळं पडतं. म्हणून पूर्वी प्लॅटिनमची तार वापरत. आता निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे निक्रोमची वापरतात.

वापरण्याआधी तार ज्योतीत लालभडक करायची, निवू द्यायची, मगच जंतूंना लावायची. तापलेलीच लावली तर ते मरतात आणि हवेत उडतात. काम झालं की पुन्हा लाल करायची.

एवढा सोपस्कार कशाला? 30 ऑक्टोबर 1902 रोजी तेव्हाच्या पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचली गेली. लस मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेतली, डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची. एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांचं पद गेलं. पुढे कागदपत्रांतून दिसलं, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून घेतला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे बीजाणू असे सहज मरत नाहीत. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्यावर 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. 1925 मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. ती 19 माणसं मात्र परत आली नाहीत.

आज अनेक लॅबमध्ये एकदाच वापरून टाकायचे प्लॅस्टिकचे लूप असतात. आपल्या लघवीचं 'कल्चर' करताना ठरावीक मापाच्या लूपनंच थेंब बशीवर पसरतात. तिथे बाहेरचा जंतू शिरला, तर रिपोर्टात भलतंच नाव येतं आणि औषधही भलतंच सुरू होतं. रिपोर्टाला दोन दिवस लागले म्हणून आपण कुरकुरतो. त्या दोन दिवसांची सुरुवात अशी एका स्वच्छ कड्यानं झालेली असते.