पहारा आणि विश्वास
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले की त्याच्या हाती मोबाइल येतो आणि आई-वडिलांची झोप उडते. अशा वेळी कोणी सुचवितो, "फोनमध्ये एक अ‍ॅप टाका, सारे घरबसल्या दिसेल." दोन मीटर कापड घेतानाही गिऱ्हाईक पोत चुरगाळून पाहते, रंग पक्का आहे का ते विचारते. मुलाच्या मनाशी निगडित वस्तू घेताना मात्र ही पारख होत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

या अ‍ॅपच्या दोन जाती आहेत. पहिली उघड नियमनाची. गूगलचे 'फॅमिली लिंक' (२०१७) आणि अ‍ॅपलचे 'स्क्रीन टाइम' (२०१८) ही त्यांची उदाहरणे. वापराचे तास ठरविणे, नव्या अ‍ॅपसाठी पालकांची संमती मागणे ही त्यांची कामे. फॅमिली लिंक मुलाचे ठिकाणही दाखविते. परंतु त्याचे खासगी संदेश पालकांपुढे मांडीत नाही आणि देखरेख असल्याचे मुलाला ठाऊक असते.

दुसरी जात गुप्त हेरगिरीची. ती संदेश, छायाचित्रे चोरून टिपते. स्वतःला लपविणाऱ्या अशा अ‍ॅपना गूगलच्या प्ले स्टोअरवर मज्जाव आहे. म्हणून अँड्रॉइड फोनमध्ये ती बाहेरून उतरवावी लागतात आणि त्यासाठी बहुधा फोनचे संरक्षणच बंद करावे लागते. टिपलेली माहिती कंपनीच्या संगणकावर साठते. 'एमस्पाय'कडील माहिती २०१५, २०१८ व पुन्हा २०२४ साली फुटली. 'स्पायफोन'ला अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२१ मध्ये या व्यवसायातूनच बाद केले. ज्या लेकीच्या रक्षणासाठी हा खटाटोप, तिचीच छायाचित्रे परक्यांच्या हाती पडण्याची ही भीती आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत 'रहोभ्याख्यान' व 'साकारमंत्रभेद', म्हणजे दुसऱ्याचे गुपित उघड करणे, हे दोष येतात. पोटच्या मुलाच्या बाबतीतही हा विवेक सुटू नये.

याचा अर्थ पालकांनी डोळे मिटावेत असा नव्हे. अ‍ॅप बसविण्यापूर्वी मुलाला जवळ बसवून काय पाहिले जाईल, कशासाठी आणि किती काळ, हे सांगावे. वय वाढेल तसे बंधन सैल करावे. सायंकाळच्या जेवणाच्या वेळी आणि सामायिकाच्या ४८ मिनिटांत घरातील साऱ्यांचेच फोन बाजूला असावेत. कोणी मुलाला धमकावीत असेल तर सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. परंतु ते फिरविण्याआधी मुलाने घरी तोंड उघडावयास हवे. चोरून पाहणाऱ्या वडिलांपाशी ते उघडत नाही.

संवत्सरीच्या दिवशी पालक मुलांचीही क्षमा मागतात. त्या वेळी मनात लपविण्याजोगे काही नसावे, इतकी काळजी प्रत्येक घराने घ्यावी.

जय जिनेंद्र!