पांढरीखालची लेकरं



या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. अध्यक्षानं विषयाचा सर्वांगीण आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी एकाच विषयावर बोलणार आहे : महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांची दफनं, आणि त्यांतही लहान मुलांची.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथलं ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आणलं. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेलं हे गाव इ.स.पू. ७०० पर्यंत नांदतं होतं. माणसं सातू पिकवत होती, गुरं आणि शेळ्यामेंढ्या पाळत होती, शिकारही करत होती. नदीचं पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घातला होता, कालवा खणला होता. या गावानं आपल्याला दोनशेहून अधिक दफनं दिली. त्यांतली बहुसंख्य मुलांची आहेत.

इनामगाव म्हटलं की आपल्याला आठवतो तो चार पायांचा मातीचा रांजण. गावाच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात तो पुरलेला होता. आत सुमारे चाळिशीतल्या पुरुषाचा सांगाडा मांडी घातलेल्या स्थितीत मिळाला. एरवी प्रौढांना खड्ड्यात उत्तरेकडे डोकं करून उताणं निजवत, आणि पुष्कळदा त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. या पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते. घराला लागून धान्याचं कोठार होतं. एवढ्या पुराव्यावरून ढवळीकरांनी गावप्रमुखाची आणि धान्यावर हुकमत चालवणाऱ्या सत्तेची मांडणी केली. दफनाची जागा, पात्राचा घाट आणि शेजारचं कोठार यांचा एकत्र विचार केल्यामुळे त्या मांडणीला बळ आलं. तिचं मोल मला पूर्ण मान्य आहे.

पण त्याच गावात घराघरांच्या जमिनीखाली दुसरा पुरावा पडून होता. मूल दगावलं की दोन घट घ्यायचे, त्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची, आत मूल ठेवायचं आणि घट खड्ड्यात आडवे पुरायचे. सोबत तोटीचं भांडं, एखादा वाडगा. नेवासे या दुसऱ्या ताम्रपाषाणयुगीन गावात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांबं दुर्मीळ होतं, दुरून आणावं लागत होतं. मिळवतं होण्याच्या कितीतरी आधी गेलेल्या जिवासोबत घरानं ते कायमचं मातीत जाऊ दिलं. ज्या घरात चूल पेटत होती, तिथल्याच जमिनीखाली त्यांनी मूल ठेवलं. त्यांच्या मनातल्या भावनेला नाव देण्याचं धाडस मी करणार नाही. त्यांनी घेतलेले कष्ट मात्र मोजता येतात. घट घडवावे, भाजावे लागतात. माळ ओवावी लागते.

आता दातांकडे आणि हाडांकडे वळू या. दाताचं कवच एकदा घडलं की शरीर ते पुन्हा घडवत नाही. दुधाच्या दातांचं कवच आईच्या पोटातच आकार घेऊ लागतं. त्या काळात आईची उपासमार झाली किंवा बाळाला आजार झाला, तर कवचात खोट राहते. सुभाष वाळिंबे आणि जॉन ल्यूकाक्स यांनी इनामगावच्या दुधाच्या दातांवर अशा खुणांचा अभ्यास केला. म्हणजे बाळाच्या दातावरून आपण गरोदर बाईच्या ताटापर्यंत पोचतो.

दुसरी पद्धत वाढीची. दातांवरून मुलाचं वय बऱ्यापैकी अचूक कळतं, कारण पोषण बिघडलं तरी दात साधारण आपल्या वेळेनं येतात. लांब हाडांचं तसं नसतं. उपासमारीत त्यांची वाढ खुंटते. दातांचं वय आणि मांडीच्या हाडाची लांबी यांत जेवढी तफावत, तेवढी ओढाताण. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या बालकांचे सांगाडे तपासले. उत्तर जोर्वे काळातल्या, म्हणजे इ.स.पू. १००० नंतरच्या, इनामगावच्या मुलांची वाढ खुंटलेली दिसते. याच काळात ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचा भर वाढला. घरांच्या पायावरून ऱ्हास कळला होता. तो कुणाच्या अंगावर आला, ते मुलांच्या हाडांनी सांगितलं.

इथे एक सावधगिरी हवी. मुलांची दफनं जास्त मिळाली म्हणजे लगेच मृत्युदर वाढला असं ठरत नाही. स्थिर शेतीत दोन बाळंतपणांतलं अंतर कमी होतं, मुलं जास्त जन्मतात, म्हणून दफनंही जास्त दिसतात. शिवाय आपल्या हाती येतात ती दगावलेली मुलं. जगून मोठी झालेली त्यांत नसतात. हा विचार न करता काढलेला निष्कर्ष त्या मुलांवरही अन्याय करतो आणि आपल्या शास्त्रावरही.

आणि हा पुरावा हातातून निसटतो आहे. आपल्या हवेत जुनी हाडं टिकणं कठीण. हडप्पाकालीन राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकी फक्त एकातून वापरण्याजोगा डीएनए मिळाला, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आपण जाणता. तान्ह्या बाळाची हाडं तर त्याहून नाजूक. त्यात गावोगावच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती खत म्हणून शेतात नेली जाते. ट्रॅक्टरच्या एका खेपेत किती घट फुटत असतील, याची नोंद कुठेही होत नाही. शेतकऱ्याला दोष देऊन काही साधणार नाही. त्या मातीत काय आहे, हे आपण त्याच्या भाषेत कधी नीट सांगितलंच नाही.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. उत्खननात शारीरिक मानवशास्त्राचा जाणकार पहिल्या दिवसापासून हजर असावा. हाडांचं गाठोडं वर्षांनंतर त्याच्याकडे पाठवलं जाऊ नये. दफनाचा घट मातीसकट अखंड उचलून प्रयोगशाळेत उघडावा आणि त्यातली माती बारीक चाळणीतून चाळावी. पूर्वीच्या उत्खननांतले सांगाडे आज कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत, याची सूची व्हावी. ज्या गावची पांढर, त्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि शाळेला उत्खननाचा वृत्तांत मराठीतून मिळावा.

महाराष्ट्रातल्या शेतीचा इतिहास आपण कोठारं, कालवे आणि भांडी यांवरून लिहिला. ती शेती किती पोरांना जगवू शकली आणि किती जणांना नाही, हे विचारल्याशिवाय तो पुरा होणार नाही. या चारही मागण्यांचा ठराव परिषदेनं याच अधिवेशनात मंजूर करावा आणि त्यांचं काय झालं, याचा जाब पुढच्या अध्यक्षांनी आपल्या सर्वांना विचारावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.