एव्हीएल ट्री: किल्ली घालणं सोपं, काढणं अवघड का?

बंगळूर, हैदराबाद, इंदूर, बडोदा, जिथून बघत असाल तिथे आधी वही आणि पेन्सिल जवळ घ्या. आजचा विषय नुसता ऐकून हाती लागत नाही, काढून बघावा लागतो.

विषय आहे एव्हीएल ट्रीमध्ये किल्ली घालणं आणि काढणं. किल्ली म्हणजे इंग्रजीतली ‘की’. मराठीत बोलताना ‘की म्हटलं की’ असं व्हायला लागतं, म्हणून मी सरळ किल्लीच म्हणतो.

कॉलेजात बहुतेक ठिकाणी इन्सर्ट नीट शिकवतात, चार रोटेशनं पाठ करून घेतात, आणि डिलीटपाशी आलं की ‘हेही तसंच आहे, घरी करून बघा’ म्हणून पुढे जातात. ते तसंच नाही. आणि इथली चूक फार शांत असते. ट्री वाकडं झालं तरी चुकीचं उत्तर देत नाही. डावीकडे लहान, उजवीकडे मोठं हा क्रम टिकलेला असतो, त्यामुळे शोधलेली किल्ली सापडतेच. तुमच्या सगळ्या टेस्ट पास होतात. फक्त महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, सिस्टीम हल्ली जरा जड चालते.

आधी पटकन उजळणी. साध्या सर्च ट्रीत हजेरीपटावरचे रोल नंबर क्रमाने घालत गेलात तर प्रत्येक नवा नंबर उजवीकडेच लटकतो आणि ट्रीची साखळी होते. १० लाख किल्ल्या म्हणजे १० लाख पातळ्या. नीट पसरलेल्या ट्रीत त्याच १० लाख किल्ल्या २० पातळ्यांत बसतात. हा फरक राखण्यासाठी १९६२ साली सोव्हिएत संघातल्या गेओर्गी अॅडेल्सन-वेल्स्की आणि येवगेनी लांडिस या दोघांनी एक नियम मांडला. एव्हीएल हे नाव त्यांच्याच आडनावांवरून आलंय. नियम असा: कुठल्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या उंचीत १ पेक्षा जास्त फरक नको. बस, एवढंच.

हा नियम जेमतेम पाळणारं, म्हणजे कमीत कमी नोडमध्ये जास्तीत जास्त उंच झालेलं ट्री कसं असेल? १ पातळीला १ नोड, २ पातळ्यांना २, मग ४, ७, १२, २०. प्रत्येक आकड्यात १ मिळवा: २, ३, ५, ८, १३, २१. ओळखलंत? फिबोनाची. आपल्याकडे छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या मांडण्या मोजताना बाराव्या शतकात हेमचंद्रांनीही हेच आकडे मांडले होते. आपल्या कामाचं एवढंच, की या हिशोबाने १० लाख किल्ल्यांचं एव्हीएल ट्री कितीही वाईट झालं तरी २८ पातळ्यांच्या वर जात नाही.

त्यातलं १२ नोडचं ट्री आज वहीत काढू. मुळाशी ८. त्याच्या डावीकडे ५, उजवीकडे ११. ५ च्या डावीकडे ३, उजवीकडे ७. ३ च्या डावीकडे २, उजवीकडे ४. २ च्या डावीकडे १. ७ च्या डावीकडे ६. आता उजवी बाजू: ११ च्या डावीकडे १०, उजवीकडे १२. १० च्या डावीकडे ९. झालं? एकूण पाच पातळ्या. पान सोडलं तर प्रत्येक नोड डावीकडे एकाने जड आहे. म्हणजे सगळं ट्री अगदी काठावर उभं आहे.

आता इन्सर्ट. नवी किल्ली नेहमी तळाला, रिकाम्या जागी बसते. मग आलेल्या वाटेने वर चढायचं, प्रत्येक नोडची उंची नव्याने मोजायची, आणि जिथे फरक २ झाला तिथे रोटेशन. नवी किल्ली सरळ रेषेत गेली असेल तर एक रोटेशन पुरतं. नागमोडी गेली असेल, जसं ३० च्या डावीकडे १० आणि १० च्या उजवीकडे २०, तर आधी खालचा वळसा सरळ करायचा आणि मग वरचं रोटेशन. २० वर येतो, दोन्ही बाजूंना १० आणि ३०.

आता चार नावं पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न स्वतःला विचारा. रोटेशन झाल्यावर त्या भागाची उंची किती झाली? नवी किल्ली आल्याने ती एकाने वाढली होती, रोटेशनने ती एकाने उतरली. म्हणजे किल्ली येण्याआधी होती तेवढीच. मग वरच्या नोडांना काही घडल्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून इन्सर्टमध्ये एकाच जागी दुरुस्ती पुरते, एकेरी किंवा दुहेरी. त्याच्या वर जायची गरज नाही.

डिलीटमध्ये नेमकं इथेच गणित फिरतं. वहीतल्या ट्रीतून १२ काढा. ११ ची डावी बाजू २ उंच, उजवी शून्य. फरक २. डावीकडे १० आणि ९ सरळ रेषेत आहेत, म्हणून एक रोटेशन: १० वर, त्याच्या बाजूंना ९ आणि ११. छान दिसतंय. पण उंची बघा. आधी हा भाग ३ उंच होता, आता २ राहिला. इथली दुरुस्तीच वरच्याला खड्ड्यात घालते! ८ च्या डावीकडे ४, उजवीकडे २. पुन्हा फरक २. म्हणून ८ वर दुसरं रोटेशन: ५ मुळाशी येतो, ८ त्याच्या उजवीकडे उतरतो. मग ५ च्या उजवीकडे जो ७ होता त्याचं काय? तो ५ पेक्षा मोठा, ८ पेक्षा लहान. म्हणून तो ६ ला घेऊन ८ च्या डावीकडे बसतो. आता ट्री चार पातळ्यांचं झालं आणि समतोलही आहे. एक पान काढलं आणि मूळच बदललं. मोठ्या ट्रीत ही साखळी थेट मुळापर्यंत जाऊ शकते. प्रत्येक पातळीवर एक दुरुस्ती, म्हणजे १० लाख किल्ल्यांना वीस-पंचवीसच्या आतच, पण एक नक्कीच नाही.

आता कोडकडे वळू. इन्सर्टच्या कोडमध्ये कुठलं रोटेशन करायचं हे ठरवायला अनेकजण नवी किल्ली डाव्या नोडच्या किल्लीशी ताडून बघतात. लहान असेल तर सरळ, मोठी असेल तर नागमोडी. इन्सर्टला हे चालतं, कारण उंची त्या किल्लीमुळेच वाढलेली असते. तोच तुकडा डिलीटमध्ये चिकटवलात तर? आपण १२ काढतोय, ११ वर फरक आला, डावीकडे १० आहे. १२ हे १० पेक्षा मोठं, म्हणून कोड म्हणतो, नागमोडी. तो १० ला डावीकडे फिरवायला जातो, आणि १० च्या उजवीकडे तर काहीच नाही. प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. खरं सांगायचं तर कोसळला तर नशीब समजा, निदान कळतं तरी. काढलेली किल्ली ज्या बाजूची, वजन त्याच्या उलट बाजूला आहे. त्या किल्लीला विचारून काय उपयोग? जड बाजूच्या नोडची डावी-उजवी उंची बघायची आणि ठरवायचं.

त्यात एक प्रसंग असा येतो जो इन्सर्टमध्ये कधीच येत नाही: जड बाजूचा नोड स्वतः अगदी समतोल असतो. छोटं ट्री काढा. मुळाशी २०, डावीकडे १०, उजवीकडे ३०. १० खाली ५ आणि १५. आता ३० काढा. १० च्या दोन्ही बाजू सारख्या. इथे एकेरी रोटेशन करायचं: १० मुळाशी, डावीकडे ५, उजवीकडे २०, आणि २० च्या डावीकडे १५. उंची आधी ३, आताही ३. उंची बदलली नाही म्हणून इथेच थांबायचं. काहीजण ही बरोबरीची केस नागमोडीत ढकलतात. या छोट्या ट्रीत ते खपूनही जाईल, पण मोठ्या ट्रीत कधीकधी दुहेरी रोटेशननंतरही फरक २ चाच राहतो.

आणि ज्याला दोन्ही बाजूंना मुलं आहेत असा नोड काढायचा असेल तर? मूळच्या १२ नोडच्या ट्रीतून ८ काढायचाय. त्याच्या जागी उजव्या बाजूतली सगळ्यात लहान किल्ली आणायची, म्हणजे ९. किल्ली बदलली मुळाशी, पण नोड निघाला खाली, १० च्या डावीकडून. वर चढणं तिथून सुरू करायचं. १० ची उंची १ झाली, ११ ची २, आणि मुळाशी डावीकडे ४, उजवीकडे २. रोटेशन लागलंच. ज्याने तपासणी थेट मुळापासून सुरू केली, त्याच्याकडे ११ ची उंची जुनीच, ३, लिहिलेली असते. तो म्हणतो सगळं ठीक आहे. सुरुवातीला मी जी शांत चूक म्हणालो ती हीच.

डिलीटचा हा त्रास फक्त विद्यार्थ्यांना होतो असं समजू नका. सिद्धार्थ सेन आणि रॉबर्ट टार्जन यांनी २०१० साली मांडलेल्या पेपरमध्ये चक्क लिहिलंय, की पाठ्यपुस्तकं हा भाग टाळतात आणि अनेक डेटाबेस डिलीटनंतर समतोल साधतच नाहीत. त्यांनी मग असं ट्री दाखवलं ज्यात फक्त इन्सर्टनंतर दुरुस्ती करायची, डिलीटनंतर नाही, आणि तरी उंची एकूण इन्सर्टच्या हिशोबात आटोक्यात राहते. पोस्टग्रेसक्यूएलच्या बी-ट्रीतही अर्धवट रिकामी पानं एकमेकांत मिसळत नाहीत, पूर्ण रिकामं झालेलं पानच काढलं जातं. माझ्या मते हा आळस नाही, हिशोब आहे. पण तो करायचा तर आपण काय सोडतोय हे माहीत असायला हवं.

रेड-ब्लॅक ट्रीत डिलीटला जास्तीत जास्त तीन रोटेशनं लागतात. जावाच्या ट्रीमॅपने तेच का घेतलं याचा विचार करताना हा आकडा लक्षात ठेवा. त्यावर पुढच्या भागात बोलू.

तोवर गृहपाठ. तेच १२ नोडचं ट्री प्रत्येक वेळी नव्याने काढा आणि त्यातून एकदा ४ काढा, एकदा ६, एकदा ९. दरवेळी रोटेशन कुठल्या नोडवर लागलं आणि त्या भागाची उंची आधी किती, नंतर किती, हे बाजूला लिहा. ९ च्या वेळी ११ वर काहीच करावं लागत नाही, तरी मूळ हलतं. ते का, हे कमेंटमध्ये मराठीतच लिहा, मी वाचतो.